तिथीने येणारा उजेड

धर्मा पाटील मंगळवारी गेले. त्याच मंगळवारी विजेचे खांब मचव्यातून कोपरखारच्या धक्क्यावर उतरले. खांब उतरवून घेण्याचे काम माझ्याकडे होते. मोजणी चालू असताना निरोप आला. मी वही मिटली.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही असे डॉक्टर म्हणाले. खात्याचेही तेच मत असणार. खात्याच्या मते कोणत्याच दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नसतो. म्हणून तर प्रत्येकीची फाइल वेगळी असते. मी मात्र दोन्ही फाइलींवर काम केलेला माणूस आहे, आणि दोन्हींच्या तळाशी माझेच अक्षर आहे. ते कसे, एवढेच सांगतो.

मी कुलाबा जिल्ह्यात वीज खात्याचा ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर म्हणजे ज्याला साहेब पुष्कळ असतात आणि जो स्वतः कुणाचा साहेब नसतो, असा नोकर. दौऱ्यावर निघताना माझ्या पिशवीत टेपाशेजारी एखादे पुस्तक असे, त्यामुळे कार्यालयात माझ्याविषयीचे मत फारसे बरे नव्हते. अशाच एका जुन्या इंग्रजी ग्रंथात मी वाचले, की परदेशात काही किनाऱ्यांवर भरतीच्या पाण्यावर पिठाच्या गिरण्या चालत आल्या आहेत. ते दिवस स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या उत्साहाचे होते. वरून परिपत्रक आले होते की दुर्गम गावांसाठी कमी खर्चाच्या नव्या कल्पना सुचवाव्यात. अशी परिपत्रके कुणी मनावर घ्यायची नसतात. मी घेतले.

कोपरखार हे गाव रेवसच्या धक्क्यावरून होडीने खाडीत आत गेले की लागते. तिन्ही बाजूंना खाडी आणि खाजणाची दलदल, चौथ्या बाजूला बांधावरची पायवाट. आगरी लोकांची वस्ती, थोडी भातशेती, थोडी मासेमारी. गावाच्या टोकाला एक बंद पडलेले मिठागर होते. मिठागराला पाणी साठवण्याचे मोठे तळे असते, त्याला दगडी बांध असतो, आणि बांधाला लाकडी दार असते. त्याला उघाडी म्हणतात. भरतीच्या वेळी दार उघडायचे, तळे भरून घ्यायचे, आणि पाणी उतरायला लागले की बंद करायचे. सहा तासांनी खाडी खाली जाते आणि तळे वरच्या वर राहते. पुरुषभर उंचीचा फरक पडतो. ते पाणी परत खाडीत सोडताना वाटेत एक चाक ठेवले की चाक फिरते, चाकाला पट्टा लावला की डायनामो फिरतो, आणि डायनामो फिरला की दिवा लागतो. यात विद्वत्ता काही नाही. नदी उंचावरून येते, तसे आमचे पाणी दिवसातून दोनदा उंचावर जाऊन बसे, इतकेच.

चाक गावातल्याच होड्या बांधणाऱ्या सुताराने केले. मी त्याला नकाशा दिला. त्याने तो आदराने घडी घालून कमरेला खोचला आणि होडी बांधावी तसे चाक बांधले. नकाशात सरळ असलेल्या फळ्यांना त्याने होडीच्या कुशीसारखा बाक दिला. मी हरकत घेतली. तो म्हणाला, सरळ फळी पाण्याशी भांडते. चाक फिरले तेव्हा ते माझ्या हिशेबापेक्षा जास्त फिरले. अहवालात मी याचे श्रेय नकाशाला दिले.

उघाडी सांभाळायला धर्मा पाटील मिळाले. मिठागर चालू होते तेव्हा त्या दारावर तेच असत. गाव त्यांना धर्माबुवा म्हणे, मीही म्हणू लागलो. उंच, सडसडीत, बोलणे मोजके आणि तिरके. खात्यात उघाडी सांभाळणारा असे पदच नव्हते, म्हणून हजेरीपटावर त्यांची नोंद ‘तात्पुरता खलाशी’ अशी झाली. तात्पुरत्या माणसाला दर तीन महिन्यांनी एक दिवस कामावरून कमी करावे लागे. त्या दिवशीही भरती येई. तिला कुणी कळवलेले नसे.

दहा दिवे लागणार होते: एक शाळेत, एक देवळात, एक धक्क्यावर, बाकीचे आळ्यांमध्ये. उद्घाटनाला मुंबईहून मोठे पाहुणे येणार असे ठरले. पाहुण्यांची लाँच खाडीत पाणी भरलेले असेल तरच आमच्या धक्क्याला लागू शकत होती. म्हणून लाँचवाल्यांनी भरतीची वेळ बघून दिवस कळवला: शुद्ध अष्टमी, संध्याकाळी सहा. जिल्ह्याच्या कार्यालयाला ती वेळ फार पसंत पडली, कारण दिवा लावायला काळोख हवा आणि काळोख त्याच सुमाराला होतो. एका भटजींनीही मुहूर्त चांगला असल्याचे सांगितले. इतक्या लोकांनी इतका विचार करून ठरवलेली तारीख मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

पत्रिका घेऊन मी धर्माबुवांकडे गेलो. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून वाचून दाखवली.

ते म्हणाले, “अष्टमीला सांजच्याला खाडी भरलेली असंल, रावसाहेब. तलं बी भरलेलं, खाडी बी भरलेली. मंग पानी जानार कुठं?”

त्यांचे खरे होते. आमच्या किनाऱ्यावर भरतीचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. पौर्णिमेला नि अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास भरती, सहाला ओहोटी, म्हणजे दिवेलागणीला आपला उजेड. अष्टमीला सगळे उलट. वर त्या दिवशी भांग असतो, म्हणजे पाण्याची चढउतारच अर्ध्यावर येते. हे मला पुस्तकातून माहीत होते. पत्रिकेवर तारीख पाहिली तेव्हा ते पुस्तक पिशवीत होते आणि मी पत्रिकेच्या छपाईतल्या चुका तपासत होतो.

धर्माबुवांनी तोडही सुचवली. पाहुण्यांनी पौर्णिमेला दुपारच्या भरतीला यावे, गावात जेवावे, संध्याकाळी दिवे बघावेत आणि रात्रीच्या भरतीला परत जावे. मी तसे लेखी कळवले. उत्तर आले की पाहुण्यांना इतका वेळ नाही, आणि तांत्रिक अडचणी संबंधित कर्मचाऱ्याने स्थानिक पातळीवर सोडवाव्यात. चंद्र स्थानिक पातळीवर हलवण्याची सोय माझ्याकडे नव्हती.

अष्टमीला लाँच वेळेवर आली. पाणी काठोकाठ होते. पाहुण्यांनी शाळेत बटण दाबले. टाळ्या झाल्या. टाळ्या संपल्या तरी काळोख होता. पाहुण्यांनी पुन्हा दाबले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी धर्माबुवांकडे.

धर्माबुवा हात जोडून पाहुण्यांना म्हणाले, “ज्या पान्यावर तुमी आलाव ना, त्याच पान्यावर दिवा हाय. ते पयलं जाऊ द्या.”

पाहुण्यांना हे देशी तत्त्वज्ञान वाटले असावे. त्यांनी मान डोलावली, एका लग्नघरातून आणलेल्या पेट्रोमॅक्सच्या उजेडात प्रकाशाचे महत्त्व सांगणारे भाषण केले, आणि पाणी उतरायच्या आत लाँच निघून गेली. पुढल्या आठवड्यात वर्तमानपत्रात आले की कोपरखार प्रकाशाने न्हाऊन निघाले.

मी गावातच राहिलो. पौर्णिमेच्या संध्याकाळी धर्माबुवांनी चाकाकडे पाणी सोडणारी फळी उचलली, चाकाने अंग झाडल्यासारखे केले आणि दहाच्या दहा दिवे लागले. धक्क्यावरच्या दिव्याखाली एक म्हातारी स्वतःचे हात उलटसुलट करून बघत उभी होती. मी तिथेच बसून अहवाल लिहिला: ‘गावाचे विद्युतीकरण पूर्ण झाले.’ या वाक्याखाली मी रेघ ओढली. त्या अहवालात खोटी गोष्ट नव्हती, नकाशाचे श्रेय सोडले तर. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झाले ते त्याच वाक्याने झाले.

त्यानंतर नऊ वर्षे कोपरखारमध्ये उजेड तिथीने येत असे. पौर्णिमा-अमावास्येला दिवेलागणीला, पुढे रोज पाऊण तास उशिरा, असे षष्ठीपर्यंत. मग आठ दिवस पुन्हा कंदील. खात्याच्या नमुन्यात ‘पुरवठ्याची वेळ’ असा रकाना होता. त्यात मी ‘तिथीप्रमाणे’ असे लिहिले. कागद परत आला: शासकीय कामकाजात तिथी ग्राह्य नाही. गावाला मात्र ती ग्राह्य होती. लग्नाचा दिवस काढायला लोक आधी धर्माबुवांकडे जात आणि मग भटजींकडे. हळदीच्या संध्याकाळी मांडवात उजेड हवा, म्हणून लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीही आधी विचारून घेत की पाणी कधी आहे. मास्तरांनी मोठ्या माणसांचा वर्ग काढला होता, तो पंधरवड्यातून सहा दिवस भरे. मास्तर म्हणत, त्यामुळे विद्यार्थ्यांना शिकलेले विसरायला पुरेसा वेळ मिळतो.

देखभालीचे मुख्य काम म्हणजे कालवे. खाऱ्या पाण्यात लाकूड ठेवले की त्यावर शिंपल्यातली कालवे धरतात, फळ्या जड होतात, चाक मंदावते. दर भांगाला, चाक रिकामे असताना, धर्माबुवांची बायको चांगुणाबाई आणि शेजारणी कोयते घेऊन चाकावर चढत आणि ती खरवडून काढत. त्या रात्री गावात उजेड नसे, पण कालवण असे.

एकदा तपासणीला एक साहेब आले ते द्वादशीला, भर दुपारी. त्यांना दिवे लागलेले पाहायचे होते. योगायोगाने तीनला ओहोटी होती, म्हणून धर्माबुवांनी चाक सोडून दाखवले. उन्हात दहा दिवे लागले. साहेबांनी ते नीट पाहिले आणि पंधरा दिवसांनी ठपका आला की गावात भर दिवसा दिवे जळत असल्याचे आढळले. तो मी धर्माबुवांना वाचून दाखवला. ते म्हणाले, सायेब काळोख आनायचा इसरले, त्यात आपला काय दोस.

हे सगळे मी गमतीने सांगतो आहे, पण त्या चाकाची ताकद दहा दिव्यांची होती. आणि गावाची अडचण दिव्यांची नव्हतीच. अडचण गोड्या पाण्याची होती. सगळीकडे खारे पाणी, आणि गोडी विहीर बांधाच्या पलीकडे, अर्ध्या कोसावर. बायका डोक्यावर हंडे घेऊन त्या अरुंद बांधावरून दिवसातून तीन-चार खेपा करत. विहिरीवर पंप हवा होता. पंपाला आमचे चाक पुरत नव्हते, आणि ते रोज ठरल्या वेळी चालतही नव्हते.

त्या वर्षांत खात्याचे खांब जिल्ह्यात सरकू लागले. खाडीपलीकडच्या गावात वीज आली, विहिरीवर पंप बसला, नळ आला, आणि नळावर बायका भांडू लागल्या. कोपरखारच्या बायकांना त्या भांडणांचा हेवा वाटे. गावाने अर्ज केला. उत्तर आले: ‘सदर गावाचे विद्युतीकरण यापूर्वीच पूर्ण झाले आहे.’ गावाने दुसरा अर्ज केला. तेच उत्तर. तिसऱ्या उत्तरासोबत माझ्या अहवालाची नक्कल जोडलेली होती. वाक्याखालची रेघसुद्धा नकलेत उतरवलेली होती.

मी साहेबांना भेटलो. ते म्हणाले, उपाय सोपा आहे. चाक कायमचे नादुरुस्त आहे असा अहवाल द्या, गाव यादीत येईल. मी म्हणालो, चाक चालू आहे. ते म्हणाले, चालू चाक तुम्हाला दिसते, मला कागद दिसतो. “तुम्ही पुस्तके फार वाचता,” ते म्हणाले. तो सल्ला होता की निदान, ते मला अजून कळलेले नाही.

कागद तयार करून मी कोपरखारला गेलो. पौर्णिमा होती. दुपारच्या भरतीला पोचलो आणि संध्याकाळपर्यंत खिशातून कागद काढायचे धैर्य झाले नाही. दिवेलागणीला धर्माबुवांनी फळी उचलली, दिवे लागले, आणि आम्ही त्यांच्या ओटीवर बसलो. आळीतला दिवा त्यांच्या ओटीसमोरच होता. चांगुणाबाई सुपात सुकट निवडत होत्या. मी कागद वाचून दाखवला: ‘चाक सुमारे वर्षभर नादुरुस्त असून दुरुस्तीपलीकडे गेले आहे.’ दिव्याखाली वाचत असल्याने मला एक अक्षरही अडले नाही.

चाकाचा आवाज येत होता.

मी म्हणालो, “धर्माबुवा, चाक तुमचे आहे. तुम्ही नाही म्हणालात तर हा कागद मी फाडतो.”

उत्तर चांगुणाबाईंनी दिले, सुपातून नजर न काढता. “नऊ वर्सं यांच्या चाकावरनं पानी जातंय, रावसाहेब. माज्या डोक्यावरचा हंडा काय उतरला न्हाय.”

धर्माबुवा बायकोकडे पाहत राहिले. मला वाटते, नऊ वर्षांत त्यांनी हे प्रथमच ऐकले. किंवा रोज ऐकत असतील आणि त्या दिवशी प्रथमच ऐकू आले. मग ते मला म्हणाले, “तुमी एकदा खरं लिवलाव, त्याचं एवढं झालं. आता खोटं लिवलाव तर काय काय व्हईल?”

मी म्हणालो, दुसरा मार्ग नाही.

“हाय. बसा.”

ते उठून बांधाकडे गेले. थोड्या वेळाने चाकाचा आवाज मंदावला, दिवा लाल झाला, आणि सगळे गाव एकदम काळोखात गेले. देवळाकडून कुणीतरी ओरडून विचारले की आज इतक्या लवकर कसे. धर्माबुवा परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर डायनामोचा चामडी पट्टा होता. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला. चांगुणाबाई आतून कंदील घेऊन आल्या.

“चाक बंद हाय,” ते म्हणाले. “आता लिवा. खरं हाय ते लिवा.”

मी जुना कागद फाडला आणि कंदिलाच्या उजेडात नवा लिहिला: ‘कोपरखार येथील चाक बंद आहे.’ रेघ ओढली नाही. निघताना पट्टा त्यांनी माझ्याच पिशवीत घातला.

वाचकांना वाटेल की आता खांब आले. खरा कागद सावकाश चालतो. चाक बंद झाल्याची नोंद लगेच झाली आणि धर्माबुवांना तात्पुरत्या कामावरून कायमचे कमी करण्यात आले. यादीत गावाचे नाव चढायला मात्र तीन वर्षे लागली. त्या तीन वर्षांत गावात चाकाचाही उजेड नव्हता आणि खात्याचाही नव्हता. कागदोपत्री ही प्रगतीच होती, कारण अंधार असल्याखेरीज यादीत जाता येत नव्हते.

त्या काळात मी जमेल तेव्हा जाऊन येई. धर्माबुवा दर भांगाला कोयता घेऊन चाकावर बसलेले दिसत. बंद चाकावरची कालवे काढत असत. मी एकदा विचारले, आता कशाला. म्हणाले, “खात्याचा काय भरवसा, रावसाहेब? उद्याला परत मागतील.” मला हसू आले. त्यांनाही आले. पण कोयता थांबला नाही. मला त्यांना सांगायचे होते की त्या संध्याकाळी तुम्ही माझी अब्रू राखलीत. पुस्तके वाचणाऱ्या माणसाला असली वाक्ये मनात पुष्कळ सुचतात. ते वाक्य मी दर खेपेला पुढच्या खेपेवर टाकले.

मग तो मंगळवार आला. उधाणाची भरती होती, म्हणून खांबांचा मचवा धक्क्याला लागू शकला. गावातले सगळे तरणे पुरुष खांब उतरवायला आले होते, त्यांत धर्माबुवांचे दोन पुतणेही होते. खांब बांधावर आडवे टाकत नेले होते. निरोप आला तसे सगळे काम टाकून घरी गेले. धर्माबुवा सकाळी जेवून ओटीवर टेकले ते उठलेच नाहीत, असे चांगुणाबाई म्हणाल्या.

स्मशान बांधाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि जायला वाट तीच. तिरडी निघाली तेव्हा ओहोटी लागली होती. प्रत्येक खांबापाशी खांदेकऱ्यांना थांबून, पाय उचलून तो ओलांडावा लागत होता. खांब बाजूला करायला माणसे नव्हती. माणसे तिरडीखाली होती. त्या खांबांची पोच माझ्या सहीने झाली आहे. उघाडीजवळ आलो तेव्हा चाक स्वच्छ दिसले. एक कालव नव्हते त्यावर.

वीज आणखी पाच महिन्यांनी आली. पुन्हा लाँच, पुन्हा पाहुणे, पुन्हा काठोकाठ पाणी. या वेळी बटण दाबताच दिवा लागला, आणि भाषणात सांगण्यात आले की कोपरखारमध्ये आज प्रथमच वीज आली आहे. मी मागच्या रांगेत होतो. वर्षभराने विहिरीवर पंप बसला.

निवृत्त झाल्यावर गेल्या शिमग्याआधी मी चांगुणाबाईंना भेटायला गेलो. नळ त्यांच्या दारापासून चार पावलांवर आहे. आम्ही ओटीवर बसलो होतो आणि वीज गेली. किती वेळाने येईल, मी विचारले.

“कुनाला ठावं?” त्या म्हणाल्या. “हंडा उतरला, रावसाहेब, खोटं कशाला बोलू? पन हा उजेड कवा जातो नि कवा येतो, सांगनारा कोन न्हाय. ते असते तर सांगितलं असतं.”

त्यांनी कंदील लावला. मी मनात तिथीची पाऊणपट केली. उघाडीपाशी त्या वेळी ओहोटी होती.

चाकाच्या फळ्या आता दोन होड्यांना लागल्या आहेत. दगडी बांध आहे, उघाडीची चौकट आहे, तळे भरतीला भरते आणि ओहोटीला रिकामे होते. पट्टा माझ्या घरी खुंटीला आहे.